तुमच्या शिवारातलं मूल कोणाच्या यादीत आहे?

प्रति,
तापीकाठच्या गावांचे सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि केळी-कापसाचे बागायतदार यांस,
रावेर-यावल-चोपड्यापासून शिरपूर-शहादा-तळोद्यापर्यंत.

आबा, नाना, भाऊ, ताई, सगळ्यांना नमस्कार.

कुपोषणाबद्दल पत्र लिहायचं तर ते मंत्र्यांना नाहीतर कलेक्टर साहेबांना लिहावं, असा रिवाज आहे. नोकरीत असताना मी वर पाठवायचे कागद इतके लिहिले की आता वर बघायची हौस उरली नाही. म्हणून हे पत्र शेजाऱ्यांना. मी एकात्मिक बालविकास योजनेत मुख्यसेविका होते, म्हणजे अंगणवाडी सेविकांच्या कामावर देखरेख ठेवणारी. अर्धी नोकरी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-मोलगीच्या डोंगरात गेली, उरलेली चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. सासरी आमची स्वतःची केळी आहे, विहीर आहे, मळ्यात सालदार, म्हणजे सालाने ठेवलेला गडी आहे. तेव्हा पुढे जिथे जिथे 'तुम्ही' लिहीन, तिथे मला आधी धरा.

दर पावसाळ्यात पेपरात नंदुरबारच्या कुपोषणाची बातमी येते. पारावर ती मोठ्याने वाचली जाते. कोणी चुकचुकतं, आणि कोणीतरी हमखास म्हणतं, "त्यासले कितलंबी द्या, काई फरक पडत नही." मग विषय केळीच्या भावावर जातो. मला त्या बोलण्याचा राग येतो, पण त्याहून जास्त राग येतो तो त्यामागच्या समजुतीचा: हे सगळं तिकडे वर, डोंगरात चाललंय, आपला त्याच्याशी संबंध नाही. संबंध आहे. डोंगरातलं ते मूल वर्षातले कित्येक महिने तुमच्या बांधावर असतं. काही तर वर्षभर असतात.

आकडे थोडक्यात सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांत ३६ मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची आणि ३५ उंचीने खुरटलेली निघाली. नंदुरबार जिल्ह्यात कमी वजनाची मुलं निम्म्याहून जास्त. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या जिल्ह्यात १०० माणसांत ६९ आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, तडवी. यातलेच पावरा आणि भिल्ल तुमच्या मळ्यात 'माणसं' म्हणून येतात. "माणसं आली का?" असं आपण फोनवर विचारतो ना, ती. त्यांच्याबरोबर आलेली मुलं त्या शब्दात मोजली जात नाहीत.

आधी डोंगराचं सांगते, कारण खालून तो निळा दिसतो आणि एवढंच आपल्याला ठाऊक असतं.

धडगाव तालुक्यात, म्हणजे अक्राणीत, महसुली गाव कागदावर एक असतं. प्रत्यक्षात ते पाच-सात पाड्यांत विखुरलेलं असतं. एक पाडा या टेकाडावर, दुसरा समोरच्या, मध्ये नाला. पाड्यातली घरंसुद्धा एकमेकांना लागून नसतात, ज्याचं त्याच्या शेतात. आपल्यासारखी गल्ली, पार, वेस असं काही नाही. शासनाच्या नियमात डोंगराळ आदिवासी भागासाठी सूट आहे: ३०० ते ८०० लोकवस्तीला एक अंगणवाडी, १५० ते ३०० ला मिनी अंगणवाडी. नियम माणसं मोजतो, नाले मोजत नाही. अंगणवाडी एका पाड्यात बसते. बाकीच्या पाड्यांतल्या आईने कडेवरच्या पोराला घेऊन उतरायचं, नाला ओलांडायचा, चढायचं आणि तसंच परत यायचं. सेविकेलाही वजन घ्यायला तेच करावं लागतं, खांद्यावर साल्टर काटा, म्हणजे वजनाचा टांगता काटा, अडकवून. मी ते केलंय. वजनाच्या दिवशी दोन पाडे झाले की दिवस संपायचा, आणि महिन्याच्या तक्त्यात तर सगळ्याच मुलांची वजनं भरलेली असायची. ती कशी भरली जायची ते नोकरीत असताना मी विचारलं नाही. आता सांगायला हरकत नाही: मागच्या महिन्याच्या आकड्यात शे-दोनशे ग्रॅम वाढवून.

पाऊस तिकडे आपल्यापेक्षा जास्त पडतो. पण जमीन उताराची, मातीचा थर पातळ, पाणी खाली नर्मदेला नाहीतर तापीला निघून जातं. उन्हाळ्यात बाया दरीतल्या झिऱ्यावर उतरतात. पीक बहुतेक ठिकाणी एकच, खरिपाचं. ज्वारी, मका, उडीद, तूर, थोडी बर्टी आणि मोर ही बारीक धान्यं. नव्या धान्याच्या आधीचे दोन-तीन महिने, म्हणजे आषाढ ते भाद्रपद, कणग्या रिकाम्या असतात आणि निंदणीचं काम मात्र सगळ्यात जास्त. त्याच दिवसांत पाणी गढूळ होतं, जुलाब सुरू होतात, आणि रस्ते तुटतात. चांदसैली घाटात दरड आली की धडगावची वाट बंद, देवगोई घाटात आली की मोलगीची. आजाऱ्याला बांबूला झोळी बांधून चौघे जण खांद्यावर नेतात. आठ महिन्यांच्या बाळाला जुलाब लागले आणि दोन दिवस वाट बंद राहिली, तर त्याच्या अंगावरचं जे थोडं मांस असतं ते तेवढ्यात उतरतं. ते भरून यायच्या आधी पुढचं आजारपण येतं. कुपोषण असं पायरी-पायरीने खाली जातं. एका दिवसात कोणी उपाशी मरत नाही, म्हणून ते दिसतही नाही.

नर्मदेच्या अंगाला आणखी वेगळी गोष्ट आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्राची ३३ गावं आली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. नदीकाठची गाळाची जमीन हीच तिकडची चांगली जमीन होती. ती गेली, आणि जे तिथेच वर सरकून राहिले त्यांची शेजारगावाची पायवाट पाण्याखाली गेली. आता होडी. दवाखानासुद्धा होडीतूनच येतो. २०२० साली लोक पाण्याच्या भीतीने आणि कोरोनाच्या भीतीने अंगणवाडीत यायचे थांबले, तेव्हा चिमलखेडीची एक सेविका स्वतः होडी वल्हवत घरोघर आहार पोचवत होती. तिचं कौतुक देशभर झालं, व्हायलाच हवं होतं. पण मला तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं, की ज्या योजनेला चालू राहण्यासाठी कोणा बाईला नर्मदेत वल्हं मारावं लागतं, त्या योजनेचं गणित कुठेतरी चुकलेलं आहे.

तिकडचं जेवण मुळात कमी कसाचं नव्हतं, हेही लिहून ठेवते. ज्वारी-मक्याची भाकर, उडदाची डाळ, रानभाज्या, मासे-खेकडे, मोह, चारोळी, आंबे. धडगावचं आमचूर तर आपण सगळे वापरतो. कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून बाया ते तयार करतात, बाजारात नेतात, आणि त्या पैशांत मीठ-मिरची, पाम तेल आणि पोरांसाठी पाच रुपयांची कुरकुऱ्यांची पुडी येते. चारोळीचंही तसंच. रानातला कस तराजूत जातो आणि घरात मक्याची पातळ राबडी राहते. मोठ्या माणसाला राबडी दोन वाडगे पिता येते. वर्षाच्या मुलाचं पोट त्याच्या मुठीएवढं. त्यात पातळ राबडी भरली की जागा संपते, ताकद मिळत नाही. म्हणून आम्ही सेविकांना सांगायचो, घट्ट शिजवा, वरून चमचाभर तेल घाला. तेल कुठून आणायचं ते आमच्या प्रशिक्षणात नव्हतं.

आता खालचं सांगते. आपलं.

दिवाळी झाली की डोंगर उतरायला लागतो. रात्रीच्या गाड्या भरतात. कोणी सौराष्ट्रात कापूस वेचायला, कोणी बारडोलीकडे ऊस तोडायला, कोणी वीटभट्टीवर, कोणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांना. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणून बाई बाळंतीण असली तरी मागे राहू शकत नाही. ती राहिली तर अर्धा कोयता, म्हणजे अर्धी फेड. बरेच जण फार लांब जात नाहीत, आपल्याकडेच येतात. कापूस वेचणी, हरभरा, केळीची कापणी, भरणी. होळीला वर जातात, काठीची राजवाडी होळी आणि भोंगऱ्याचे बाजार चुकवत नाहीत. मग पुन्हा खाली, पाऊस पडेपर्यंत. आणि सालदार तर आखाजी ते आखाजी, म्हणजे एका अक्षय्य तृतीयेपासून दुसरीपर्यंत, आपल्याकडेच. वर्षभराचा हिशोब आखाजीला मिटतो, नवं साल आखाजीला ठरतं. आपल्या लेकी माहेरी येऊन झोक्यावर गाणी म्हणत असतात त्याच दिवसांत सालदाराचं कुटुंब एका मळ्यातलं बिऱ्हाड उचलून दुसऱ्या मळ्यात नेत असतं.

आता मुलाच्या वयाचा हिशोब या वर्षाशेजारी ठेवून बघा. सहा महिने अंगावरचं दूध पुरतं. त्यानंतर वरचं खाणं लागतं: सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीनदा, नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा, शिवाय मध्ये एखाद-दुसरा खाऊ. पोटात राहिल्यापासून दुसरा वाढदिवस होईपर्यंतचे हजार दिवस जे खुरटलं ते पुढे फारसं भरून येत नाही, हे आता सगळीकडे मान्य आहे. भर पावसाळ्यात जन्मलेलं मूल दिवाळीनंतर चार-पाच महिन्यांचं असतं. म्हणजे त्याचा पहिला घास नेमका तुमच्या बांधावर पडतो. डोंगरातल्या अंगणवाडीत नाही, आजीच्या घरात नाही. कपाशीच्या शेताच्या कडेला, लिंबाला बांधलेल्या साडीच्या झोळीत.

तिथे त्याला कोण भरवतं? आई सकाळी सातला वेचणीला लागते. मजुरी किलोवर, म्हणून उठावंसं वाटलं तरी ती उठत नाही. बाळापाशी सात वर्षांची बहीण. ती भाकर पाण्यात कुसकरून दोन घास देते, बाळ रडलं तर झोका देते. दुपारी आई येते, दूध पाजते, स्वतः जेवते, जाते. संध्याकाळी सहानंतर चूल पेटते, तोवर बाळ झोपलेलं. दिवसातून चारदा खायला हवं त्या मुलाला दोनदा मिळालं. या आईला मी पोषणावर भाषण देऊ? आम्ही द्यायचो. गावागावांत पोषण माह साजरा करायचो, रांगोळ्या काढायचो, कडधान्यांच्या. ज्या बाईला बसायला वेळ नाही तिला ती रांगोळी बघायलाही वेळ नव्हता.

माझ्या स्वतःच्या मळ्याचं आता सांगते. न सांगता हे पत्र पुरं होणार नाही.

आमच्याकडे एक सालदार होता, धडगावच्या वरच्या अंगाचा. माणूस कामाला चांगला, पिलबागेची, म्हणजे केळीच्या खोडव्याची, सगळी उस्तवार त्याच्यावर. दोन मुलं आणि एक धाकटी पोर. मी रोज सकाळी पर्स घेऊन दौऱ्यावर निघायचे, त्यांच्या खोलीवरून जायचे, पोरगी दारात बसलेली दिसायची. शांत. कधी रडायची नाही, त्यामुळे मला ती गुणी वाटायची. कुपोषित मूल रडत नाही, रडायला ताकद लागते, हे मी प्रशिक्षणात दुसऱ्यांना शिकवत होते. दिवाळीला मी त्यांना फराळ दिला, नातीचे जुने कपडे दिले. आखाजीच्या आदल्या दिवशी हिशोब झाला, त्यांनी सामान बांधलं. मी निरोप द्यायला गेले आणि का कोण जाणे, पर्समधली दंडाचा घेर मोजायची पट्टी काढून तिच्या दंडाला लावली. पट्टी लाल. ११.५ सेंटीमीटरच्या खाली गेली की लाल, म्हणजे तीव्र कुपोषित, ज्याला आम्ही सॅम म्हणतो. पोरगी दीड वर्षाची, काट्यावर साडेसहा किलो.

मी आमच्या गावच्या सेविकेला फोन केला. ती म्हणाली, "बाई, हे कुटुंब माझ्या सर्वेक्षणातच नाही. मळ्यात मी कशी जाणार, अडीच-तीन किलोमीटर?" त्यांच्या डोंगरातल्या गावची सेविका माझ्या जुन्या ओळखीची. ती म्हणाली, "आमच्याकडे स्थलांतरित दाखवलंय." दोन वह्या, दोन्हींत मूल नाही. पोषण पुनर्वसन केंद्रात दोन आठवडे ठेवावं लागेल, असं मी आईला सांगितलं, बुडालेली मजुरी मिळते तेही सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. नवीन मालकाची उचल घेतलेली, गाडी दारात उभी, घरात दोन पोरं आणखी. संध्याकाळी ते गेले. पुढच्या आखाजीला मी चौकशी केली. ते कुटुंब त्या साली कुठे लागलं ते कोणाला नक्की सांगता आलं नाही.

त्या महिन्यात माझ्या बीटचा, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांचा, अहवाल नेहमीप्रमाणे वेळेवर गेला होता. त्यात सॅम मुलं कमी झालेली होती.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. १९७५ साली २ ऑक्टोबरला ही योजना सुरू झाली तेव्हापासून पुष्कळ बदललं. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी न्यायचा आहार, टीएचआर, मिळतो. अनुसूचित क्षेत्रात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक चौरस जेवण आणि मुलांना अंडी-केळी मिळतात. होय, केळी. ती आपल्याच इथून जात असतील, मला तर त्याचं हसू येतं आणि मग येत नाही. रेशनचं धान्य आता दुसऱ्या गावात, दुसऱ्या राज्यातही उचलता येतं. पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाईल ॲपवर स्थलांतरित मुलाची नोंद एका अंगणवाडीतून दुसऱ्या अंगणवाडीकडे वळवता येते, आणि स्थलांतरितांची नोंद ठेवायला राज्याने वेगळी प्रणालीही काढली. पण या सगळ्याला शेवटी एक माणूस लागतो, जो सांगेल की अमक्या गटातल्या विहिरीजवळच्या खोलीत एक नऊ महिन्यांचं मूल राहायला आलंय. हे सेविकेला कळायला वाट नाही. तिला मळे पायी फिरायला सांगणं म्हणजे तिच्यावर अन्याय, तिची कामं आधीच मोजण्यापलीकडे गेलीत. हे कळतं ते फक्त तुम्हाला. माणसं तुम्ही आणता.

डोंगरात कुपोषण का, असं विचारलं की पारावर हमखास तीन उत्तरं मिळतात, आता त्यांच्याकडे येते, कारण ती तुमच्या मनात असतील. दारू. आहे, मोहाचीही आहे आणि आपल्या गावातल्या देशी दुकानाचीही आहे. शनिवारी मजुरी वाटल्यावर त्या दुकानावर कोणकोणत्या समाजाचे लोक उभे असतात ते तुम्ही मला सांगू नका. अंधश्रद्धा. लोक बडव्याकडे, म्हणजे मंत्र-औषध करणाऱ्याकडे, जातात हे खरं, पण बडवा पाड्यातच असतो आणि डॉक्टर घाटापलीकडे. ज्या पाड्याला रस्ता झाला तिथले लोक दवाखान्यात जाताना मी बघितलेत.

तिसरं, लहान वयातली लग्नं. इथे मात्र मी वाद घालणार नाही. सतराव्या वर्षी आई झालेल्या मुलीचं स्वतःचं अंग भरलेलं नसतं, रक्त कमी, मूल अडीच किलोच्या आत जन्मतं, आणि दीड वर्षात दुसरं पोटात असतं. दुसरं आलं की पहिल्याचं दूध तुटतं. मी तोललेल्या मुलांत सगळ्यात वाळलेली असायची ती हीच, पाठीवर भावंड आलेली. त्यात भिल्ल-पावरांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे, तो असला तर रक्ताचा विषयच वेगळा. पण ही लग्नं लवकर का होतात, हे विचारलं तर वाट पुन्हा स्थलांतराकडेच जाते. वयात आलेली पोरगी उसाच्या फडात नाहीतर परक्या मळ्यात उघड्यावर कशी ठेवायची, ही आईबापाची धास्ती. आणि जोडप्याचाच कोयता होतो, म्हणून मुलाचंही लवकर उरकायचं. त्यांच्यात हुंडा नाही, मुलाकडचे देज देतात. ते देज फेडायला नवं जोडपं मुकादमाची उचल घेतं. आपल्यात मुलीचा बाप बुडतो, त्यांच्यात नवरा-नवरी दोघंही फडावर जातात. कर्जाची रीत वेगळी, व्याज तेच.

माझं तुमच्याकडे मागणं मोठं नाही. आखाजी वैशाखात येते, आणि तिच्या आगेमागेच १ मेची ग्रामसभा असते. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय घ्या: शिवारात राहणारी तीन वर्षांखालची मुलं आणि गरोदर बाया. प्रत्येक बागायतदाराने आपल्या मळ्यातली सांगायची, ग्रामसेवकाने लिहून घ्यायची, यादी सेविकेच्या आणि आशाताईंच्या हातात द्यायची. आधार कार्ड कुठलं, रेशन कार्ड कुठलं, हे नंतर. दिवाळीनंतर वेचणीची माणसं आली की हेच पुन्हा एकदा. सभेला तेव्हा थांबायची गरज नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर केळीचे भाव फिरतात तशी यादी फिरू द्या.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणासाठी असतात. ते कशावर खर्च होतात हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. त्यातून दिवाळी ते होळी या काळापुरती एक बाई लावा, मजुरांमधलीच एखादी वयस्क. चार-पाच मळ्यांमध्ये मिळून एक सावलीची जागा, तिथे बाळं ठेवायची, तिने घट्ट खिचडी शिजवून दिवसातून तीनदा भरवायची. पैसे कमी पडले तर चार मालकांनी वर्गणी काढावी. भंडाऱ्याला आपण काढतोच. ज्या मळ्यात हे जमणार नाही तिथे निदान दहाला आणि तीनला अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईला अर्धा-अर्धा तास मोकळीक द्या, आणि किलोच्या मजुरीत त्याची भर घाला. नाहीतर ती उठणार नाही, मघाशी सांगितलंच. घड भरताना ज्या फण्या बाजूला काढल्या जातात त्या गुरांपुढे टाकण्याआधी खोलीवर पाठवा. कोंबड्या पाळायला सालदाराला आडकाठी करू नका, अंडी घरातच खाल्ली जातील.

आपण हे का करावं, असं कोणी विचारलं, तर माझ्याकडे व्यवहाराचं उत्तर आहे. दहा-पंधरा वर्षांनी आपल्या केळीचे घड उचलणारा खांदा आज त्या झोळीत आहे. आपली स्वतःची पोरं पुण्याला गेलीत. ती उचलायला येणार नाहीत.

मागच्या महिन्यात मी आमच्या शिवारात मोटरसायकलवर मागे बसून दोन दिवस फिरले, गावच्या सेविकेला बरोबर घेऊन. विहिरी, खळी, पंपाच्या खोल्या. तीन वर्षांखालची अकरा मुलं सापडली. तिच्या वहीत त्यातली दोनच होती. बाकीच्या नवांची नावं आता लिहिली आहेत. दोघांची पट्टी लाल आली, त्यातल्या एकाला पुनर्वसन केंद्रात पाठवलंय. त्याच्या आईच्या मोठ्या पोरांचं जेवण तेवढे दिवस आमच्याकडे. दुसऱ्याचा बाप अजून तयार नाही. त्याचे मालक आमच्याच भाऊबंदातले आहेत, त्यांच्याकडे मी उद्या सकाळी जाणार आहे.

आपली,
एक निवृत्त मुख्यसेविका,
चोपडा तालुका

ता. क. फवारणीच्या औषधाचे रिकामे कॅन आणि ड्रम सालदाराला पिण्याचं पाणी भरायला देऊ नका, धुऊनसुद्धा नाही. आम्ही फिरलो त्या खोल्यांपैकी बहुतेक खोल्यांसमोर तेच होते. ठिबकच्या खताच्या टाकीची तोटीही मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. त्या कॅनांना भोकं पाडून टाका आणि एक साधा माठ घेऊन द्या.